नकाशावरून मधमाश्या मोजता येतील का?

डार्विनच्या १८५९ सालच्या 'ओरिजिन ऑफ स्पिशीज' या ग्रंथातले मांजरांचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी वर्गात सांगितले असेल. तांबडे क्लोव्हर हे इंग्लंडमधले चाऱ्याचे पीक. त्याच्या फुलाची नळी खोल असते आणि त्यातला मकरंद मिळवायला लांब जिभेची, जाड अंगाची, केसाळ बंबलबी लागते. बंबलबीची जमिनीतली घरटी शेतातले उंदीर उद्ध्वस्त करतात आणि उंदरांना मांजरे खातात. म्हणून मांजरे जास्त तर क्लोव्हरचे बी जास्त, अशी ती साखळी. सजीवांचे परस्परावलंबन समजावताना आपण हे उदाहरण देतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. डार्विनने ज्यांच्या निरीक्षणाचा आधार घेतला ते न्यूमन बंबलबीच्या सवयींचा दीर्घकाळ अभ्यास करत होते. खेड्यांच्या आणि लहान गावांच्या जवळपास त्यांना बंबलबीची घरटी इतर ठिकाणांपेक्षा जास्त आढळली. गावात मांजरे असतात, हे त्यांनी दिलेले कारण. कारण बरोबर की चूक हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. एखादे शेत गावापासून किती दूर आहे, एवढ्यावरून तिथे माश्या किती असतील याचा अंदाज बांधता येईल, ही कल्पना त्या निरीक्षणात आहे. म्हणजेच माशी न पाहता, नुसत्या नकाशावरून.

बरोबर दीडशे वर्षांनी, २००९ साली, एरिक लॉन्सडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम करणारे एक गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला जमिनीचा नकाशा त्यात घालायचा आणि कोणत्या शेतात परागीकरण करणाऱ्या माश्या जास्त, कोणत्या शेतात कमी, हे उत्तर मिळवायचे. या दीडशे वर्षांत काय काय कळावे लागले आणि शेवटी हाती आलेला नकाशा कितपत खरा ठरला, ते या लेखात पाहू.

कोणत्या माश्या?

आधी एक शब्द ठरवून घेऊ. मराठीत मधमाशी म्हटले की मध साठवणारी, पोळे बांधणारी माशी डोळ्यांपुढे येते. आग्या, सातेरी आणि फुलोरी या तिच्या आपल्या ओळखीच्या जाती. शिवाय झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहणारी, डंख न मारणारी, चिमुकली पोयाची माशीही आपल्याकडे आहे. पण जगात मधमाश्यांच्या कुळातल्या वीस हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे आणि त्यांतल्या बहुसंख्य जाती पोळे बांधत नाहीत. त्यांची मादी एकटीच राहते. ती जमिनीत बीळ करते, वाळक्या काटकीत किंवा जुन्या लाकडात घर करते, परागकणांचा गोळा करून त्यावर अंडे घालते आणि दार लिंपून टाकते. कोरड्या बांबूला गोल भोक पाडणारा काळा भुंगा याच कुळातला. गुलाबाच्या पानाला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे पडलेले दिसतात, ते कामही याच कुळातल्या माशीचे. एखाद्या प्रदेशातल्या मूळच्या आणि माणसाने न पाळलेल्या अशा सर्व माश्यांना या लेखात आपण 'रानमाश्या' म्हणू.

पाळीव मधमाशीची पेटी शेतात आणून ठेवता येते. रानमाशीला आणता येत नाही. तिला जिथे घर करायला जागा आणि खायला फुले मिळतील तिथेच ती असते. त्यामुळे रानमाशीच्या परागीकरणाचा प्रश्न हा शेवटी जागेचा प्रश्न ठरतो.

स्पांडाऊचे मुख्याध्यापक

फुलांचे रंग, त्यांवरच्या रेषा, मकरंद हे सारे कीटकांना बोलावण्यासाठी असते, असे नीट पुराव्यानिशी मांडणारा पहिला माणूस एक शिक्षक होता. ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल हे बर्लिनजवळच्या स्पांडाऊ गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी कित्येक वर्षे फुलांपाशी बसून निरीक्षणे केली आणि १७९३ साली त्यावर एक सचित्र ग्रंथ छापला. त्या काळच्या विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही आणि पुढच्याच वर्षी श्प्रेंगेल यांची नोकरी गेली. सुमारे अर्ध्या शतकानंतर डार्विनने तो ग्रंथ वाचला आणि त्याचे मोल ओळखले.

श्प्रेंगेल यांनी १८११ साली मधमाश्यांच्या उपयुक्ततेवर आणखी एक छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात त्यांनी सुचवले की राज्याने जशी खडी फौज ठेवावी तशी मधमाश्यांचीही फौज ठेवावी, म्हणजे पिके चांगली येतील. परागीकरणाचा प्रश्न हा त्या त्या प्रदेशात पुरेशा माश्या असण्याचा प्रश्न आहे, हे त्यांना दिसले होते. मात्र पुढची शंभर-दीडशे वर्षे जगाने फौज म्हटल्यावर पेट्यांतल्या पाळीव माश्याच डोळ्यांपुढे ठेवल्या. बांधावरच्या आणि माळावरच्या माश्या कोणी हिशेबात धरल्या नाहीत.

घरी परतणारा कीटक

माशी इतर बऱ्याच कीटकांपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. फुलपाखरू या फुलावरून त्या फुलावर जात कुठेही निघून जाऊ शकते. माशीला मात्र घरट्यात वाढणाऱ्या पिल्लांसाठी दर फेरीला परत यावे लागते. फ्रान्समधले शिक्षक आणि कीटकांचे थोर निरीक्षक झाँ आंरी फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकात गवंडी माश्यांवर रंगाच्या खुणा केल्या, त्यांना डबीत घालून काही किलोमीटर दूर नेले आणि सोडून दिले. त्यांतल्या बऱ्याच घरट्याकडे परत आल्या. माशी वाट शोधू शकते हे त्यातून दिसले. पण रोजच्या कामासाठी ती किती दूर जाते हा प्रश्न वेगळाच होता.

शेतकऱ्यांना त्याचे उत्तर अनुभवातून मिळत होते. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात लसूणघासाचे बी पिकवले जाई. लसूणघासाच्या फुलाची कळ दाबून ते उघडावे लागते, आणि पाळीव मधमाशी ते काम टाळते. ते करत होत्या पाने कातरणाऱ्या रानमाश्या. त्या शेताकडेच्या झाडीत, पडलेल्या लाकडांत राहत. शेते मोठी करण्यासाठी ती झाडी तोडली गेली, तसे बियाचे उत्पादन घसरत गेले. डब्ल्यू. पी. स्टीफन यांनी १९५५ साली ही गोष्ट नोंदवली. शेत मोठे होते तेव्हा त्याचा मध्यभाग काठापासून दूर जातो, हा साधा भूमितीचा मुद्दा इथे पिकाच्या मुळावर आला होता.

हे अंतर मोजण्याचा एक सुंदर प्रयोग जर्मनीत गटिंगनच्या परिसरात झाला. इंगोल्फ श्टेफान-डेव्हेंटर आणि टेया चार्न्टके यांनी रानमोहरी आणि मुळ्याची रोपे कुंड्यांत वाढवली आणि त्या कुंड्या फुलांनी भरलेल्या जुन्या गवताळ माळापासून वाढत्या अंतरांवर शेतांत नेऊन ठेवल्या. जसजसे माळापासून दूर जावे तसतशा फुलांवर येणाऱ्या माश्या आणि त्यांच्या जाती कमी झाल्या. मुळ्याचे बी सुमारे २५० मीटरवर निम्मे झाले आणि मोहरीचे सुमारे १००० मीटरवर. शिवाय दूरच्या कुंड्यांवर आलेल्या रानमाश्या सरासरीने आकाराने मोठ्या होत्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग शाळेतही समजावता येण्याइतका सोपा आहे. झाड तेच, माती तीच, बदलले फक्त अंतर.

माशीच्या आकाराचा मुद्दा पुढे आणखी पक्का झाला. सारा ग्रीनलीफ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ६२ जातींची माहिती एकत्र केली आणि दाखवले की माशीच्या दोन पंखांच्या मुळांमधले अंतर मोजले तर ती किती दूर उडू शकेल याचा अंदाज करता येतो. लहान माशीची धाव काही शे मीटर, मोठीची काही किलोमीटर. म्हणजे संग्रहालयात टाचणीला टोचलेल्या माशीवरूनही तिच्या जगाचा परीघ काढता येऊ लागला.

फुलाची मुलाखत

नव्वदीच्या दशकात अमेरिकेत या प्रश्नाला निकड आली. तिथली पाळीव मधमाशी मूळची युरोपातली. व्हरोआ नावाची गोचिडीसारखी परोपजीवी कीड १९८७ साली अमेरिकेत आढळली आणि पाळीव वसाहती मोठ्या प्रमाणावर मरू लागल्या. सारे परागीकरण एकाच जातीवर सोपवणे किती धोक्याचे आहे, हे शेतकऱ्यांना कळले. मग प्रश्न आला : रानमाश्या हे काम कितपत करतात?

क्लेअर क्रेमेन, नील विल्यम्स आणि रॉबिन थॉर्प यांनी त्यासाठी कॅलिफोर्नियातला योलो परगणा निवडला. सॅक्रामेंटो नदीच्या सपाट खोऱ्यात मोठमोठी शेते आहेत आणि पश्चिमेला ओकची झाडे व झुडुपे असलेल्या टेकड्या. पीक निवडले कलिंगडाचे, आणि ही निवड विचारपूर्वक होती. कलिंगडाच्या वेलावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फूल एकच दिवस उमलते. तेवढ्यात त्याच्या कुक्षीवर पुरेसे परागकण पडले नाहीत तर फळ धरत नाही किंवा वेडेवाकडे होते. चांगल्या फळासाठी साधारण ५०० ते १००० परागकण लागतात.

प्रत्येक जातीची माशी एका भेटीत किती परागकण ठेवते हे मोजण्यासाठी त्यांनी एक युक्ती वापरली. ज्यावर अजून कोणी बसलेले नाही असे ताजे मादी फूल काठीच्या टोकाला लावायचे आणि शेतात फिरणाऱ्या माशीपुढे धरायचे. माशी बसून उडाली की फूल काढून घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुक्षीवरचे कण मोजायचे. जणू काही उमेदवाराची मुलाखतच. एका भेटीचे कण आणि त्या जातीच्या दिवसभरातल्या भेटी यांचा गुणाकार केला की त्या जातीचे योगदान निघते.

२००२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते. टेकड्यांजवळच्या सेंद्रिय शेतांत कलिंगडाचे सारे परागीकरण एकट्या रानमाश्या करू शकत होत्या. टेकड्यांपासून दूरच्या शेतांत ते शक्य नव्हते, तिथे पेट्या भाड्याने आणाव्याच लागत. दुसरे असे की एका वर्षी जी जात सर्वांत उपयोगी ठरली ती पुढच्या वर्षी तशी राहिलीच असे नाही. जाती अनेक असल्यामुळे एकीची उणीव दुसरी भरून काढत होती. दोन वर्षांनी, २००४ साली, याच गटाने नकाशावर शेतांभोवती वर्तुळे काढून हिशेब मांडला. रानमाश्यांनीच पूर्ण काम करायचे असेल, तर शेताभोवतीच्या १.२ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ३० टक्के, किंवा २.४ किलोमीटरच्या वर्तुळात सुमारे ४० टक्के जमीन नैसर्गिक झाडीखाली हवी. माश्यांविषयीचे विधान इथे जमिनीच्या टक्क्यांत उतरले होते.

कॉफीचा मळा आणि जंगलाचे दोन तुकडे

याच सुमारास मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात टेलर रिकेट्स 'फिन्का सांता फे' नावाच्या कॉफीच्या मळ्यात काम करत होते. त्या मळ्याला लागून जंगलाचे दोन तुकडे होते, एक ४६ हेक्टरचा आणि दुसरा १११ हेक्टरचा. कॉफीचे झाड स्वतःच्या परागांनीही फळते, त्यामुळे माश्यांची त्याला गरज नाही असा समज होता. रिकेट्स यांनी काही फांद्यांवरच्या फुलांना हाताने पराग लावले, काही फांद्या माश्यांवर सोडल्या आणि जंगलापासूनच्या वेगवेगळ्या अंतरांवर दोन्हींची तुलना केली.

जंगलापासून सुमारे एक किलोमीटरच्या आतल्या झाडांना २० टक्के अधिक उत्पादन मिळाले. दोनऐवजी एकच गोल दाणा असलेली फळे २७ टक्क्यांनी कमी झाली. २००० ते २००३ या काळात जंगलाच्या त्या दोन तुकड्यांची किंमत एकट्या या मळ्यासाठी वर्षाला सुमारे ६०,००० डॉलर भरत होती. जंगलापासून दूरच्या भागात फुलांवर येणाऱ्या माश्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक एकच बाहेरून आलेली मधमाशी होती. २००१ नंतर तिची संख्या घटली, तेव्हा दूरच्या भागातल्या फुलांच्या भेटी निम्म्याहून कमी झाल्या. जंगलालगत मात्र फारसा फरक पडला नाही, कारण तिथे रानमाश्या होत्या.

ही गोष्ट इथेच थांबली असती तर फार सोयीची झाली असती. पण जगात कॉफीचे भाव कोसळले होते, आणि अभ्यास संपल्यानंतर त्या मळ्यात कॉफी काढून अननस लावला गेला. डग्लस मॅककॉली यांनी २००६ साली 'नेचर' या नियतकालिकात हे निदर्शनास आणले. अननसाच्या फळाला परागीकरण लागत नाही. म्हणजे जंगल तेच, माश्या त्याच, पण हिशेबाच्या वहीत त्यांची किंमत शून्य. जंगल राखण्याचे कारण फक्त पैशात मांडले, तर बाजारभावाबरोबर ते कारणही कोसळू शकते, असा त्यांचा आक्षेप होता. नकाशावर माश्यांची किंमत मांडणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवायला हवा.

नकाशाचे गणित

एका मळ्याची किंवा एका परगण्याची गोष्ट सगळीकडे लागू पडेल का? रिकेट्स आणि सहकाऱ्यांनी २००८ साली जगभरातले २३ अभ्यास एकत्र मांडले. त्यांत १६ पिके होती. सरासरीने पाहता, नैसर्गिक अधिवासापासून ६०० मीटरवर फुलांना होणाऱ्या रानमाश्यांच्या भेटी निम्म्या होतात आणि दीड किलोमीटरवर जातींची संख्या निम्मी होते. आता अंतराचा एक सर्वसाधारण वक्र हाती आला. त्यावरच पुढच्या वर्षी लॉन्सडॉर्फ यांचे प्रतिमान उभे राहिले.

त्याची रीत समजायला अवघड नाही. नकाशाच्या लहान लहान चौकटी करायच्या. प्रत्येक चौकटीत जमीन कशी आहे ते ठरवायचे : जंगल, गवत, पीक, वस्ती, रस्ता. जमिनीच्या प्रत्येक प्रकाराला ० ते १ यांमध्ये दोन गुण द्यायचे. पहिला, माशीला घर करायला ती जागा कितपत सोयीची आहे. दुसरा, तिथे कोणत्या हंगामात फुले किती असतात. मग दोन पायऱ्यांनी जायचे. पहिल्या पायरीत प्रत्येक चौकटीत घरट्यांची जागा आहे का आणि तिथून उडून जाता येईल इतक्या अंतरात फुले आहेत का, हे पाहून ती चौकट माश्यांचा किती मोठा 'उगम' आहे ते काढायचे. दुसऱ्या पायरीत शेताभोवतीच्या सर्व उगमांची बेरीज करायची, पण जवळच्या उगमाला जास्त वजन आणि दूरच्याला कमी.

हे वजन कसे कमी होते ते पाहू. एखाद्या जातीची नेहमीची धाव ५०० मीटर धरली, तर शेताला लागून असलेल्या उगमाचे वजन १, ५०० मीटरवरच्याचे ०.३७, १००० मीटरवरच्याचे ०.१४ आणि १५०० मीटरवरच्याचे ०.०५ येते. दर ५०० मीटरला वजन साधारण एक तृतीयांश होत जाते.

एक छोटे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. झुडपी माळाचा उगम ०.८ धरू आणि गवत-फुलांनी भरलेल्या बांधाचा ०.४. 'अ' शेतापासून माळ ५०० मीटरवर आहे आणि शेताला लागूनच असा बांध आहे. माळाकडून मिळतात ०.८ × ०.३७ = ०.३०, आणि बांधाकडून ०.४ × १ = ०.४०. एकूण ०.७०. 'ब' शेतापासून माळ १५०० मीटरवर आहे आणि बांध नांगरून टाकलेला आहे. त्याला मिळतात ०.८ × ०.०५ = ०.०४. दोन शेतांत सतरा पटींहून अधिक फरक पडला. शिवाय 'अ' शेताला माळापेक्षा बांधाने जास्त दिले, हेही पाहण्यासारखे आहे.

हे उत्तर माश्यांची प्रत्यक्ष संख्या नव्हे. ०.७० म्हणजे सत्तर माश्या नव्हेत. हे शेत त्या शेताच्या तुलनेत किती सरस, एवढेच हा आकडा सांगतो.

न्यू जर्सीने दिलेला धडा

प्रतिमान मांडणे सोपे, ते पडताळणे कठीण. लॉन्सडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी तीन प्रदेशांतली शेतावरची मोजणी घेतली : कोस्टा रिकातली कॉफी, कॅलिफोर्नियातले कलिंगड आणि सूर्यफूल, आणि अमेरिकेच्या पूर्वेकडच्या न्यू जर्सी व पेन्सिल्व्हेनियातले कलिंगड. पहिल्या दोन ठिकाणी निकाल उत्साहवर्धक आला. शेताशेतांतल्या फरकाचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग नकाशावरून समजावता आला. तिसऱ्या ठिकाणी मात्र प्रतिमान अपयशी ठरले. नकाशाने जिथे माश्या कमी सांगितल्या तिथे त्या भरपूर असत, आणि जिथे जास्त सांगितल्या तिथे तशा नसत. संशोधकांनी हे अपयश मुख्य निष्कर्षांतच लिहिले.

असे का झाले असावे? न्यू जर्सीतल्या याच भागात रेचल विन्फ्री आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले होते की कलिंगडाच्या ९० टक्क्यांहून अधिक शेतांत एकट्या रानमाश्यांचे परागीकरण पुरेसे होते. कॅलिफोर्नियात टेकड्या संपल्या की मैलोन्‌मैल एकसारखी शेते लागतात. न्यू जर्सीत शेते लहान, मध्येच झाडांची रांग, मध्येच घरामागची बाग, रस्त्याकडेचे तण, पडीक तुकडा. माशीला घर आणि फुले शेताच्या अंगणातच मिळत होती. अमेरिकेतल्या अशा नकाशांची चौकट सामान्यतः ३० मीटरची असते. दोन मीटर रुंदीची तणांची पट्टी त्यात दिसतच नाही, ती 'पीक' याच रंगात बुडून जाते. संशोधकांनीही हेच कारण सांगितले की त्यांच्या तर्कात दोष असण्यापेक्षा बारीक तपशील नकाशात आला नसावा. गुण थोडे बदलून पाहिले, तेव्हा पिकाच्या जमिनीला आपण किती गुण देतो यावर उत्तर सर्वांत जास्त हलते, असेही दिसले.

या अपयशातून मिळालेला धडा मोलाचा आहे. कॅलिफोर्नियाचा अभ्यास एकटाच असता, तर 'जंगल जवळ हवे' एवढेच आपण शिकलो असतो. न्यू जर्सीने सांगितले की जंगल नसले तरी शेतातल्या लहानसहान जागा ते काम काही अंशी करू शकतात. आणि ज्याच्याकडे डोंगर नाही, त्या शेतकऱ्याला हीच गोष्ट हातात घेता येते. २०१३ साली क्रिस्टिना केनेडी आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ३९ अभ्यासांवर हे प्रतिमान वापरले, तेव्हा भोवतालच्या चांगल्या अधिवासाबरोबरच शेत सेंद्रिय आहे का, त्यात पिकांची विविधता आहे का, यानेही रानमाश्यांत फरक पडतो असे दिसले. त्याच वर्षी योलो परगण्यातूनही बातमी आली. लॉरा मोरांडिन आणि क्रेमेन यांनी दाखवले की शेताकडेला मुद्दाम लावलेल्या स्थानिक झुडपांच्या कुंपणांतून रानमाश्या शेजारच्या पिकांत पसरतात.

२०१६ साली इन्सू कोह आणि सहकाऱ्यांनी याच रीतीने अमेरिकेच्या मुख्य भूमीचा नकाशा केला. जमिनीच्या ४५ प्रकारांना तज्ज्ञांकडून गुण घेतले. २००८ ते २०१३ या पाच वर्षांत देशाच्या २३ टक्के भूभागावर रानमाश्या घटल्या असाव्यात, असा त्यांचा अंदाज निघाला. नैसर्गिक जमिनीवर मका आणि इतर धान्ये आली, हे त्याचे एक मोठे कारण. परागीकरणाची गरज सर्वांत जास्त आणि माश्या सर्वांत कमी असे १३९ परगणे त्यांनी निवडून दाखवले. तज्ज्ञांची मते जिथे जुळली नाहीत, तिथे अंदाज किती डळमळीत आहे तेही त्यांनी नकाशावरच दाखवले. विद्यार्थ्यांना नकाशा वाचायला शिकवताना हा भाग जरूर दाखवावा. चांगला नकाशा आपली खात्री कुठे कमी आहे हेही सांगतो.

आपल्या गावाच्या नकाशावर

ही रीत आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही. आपली आग्या माशी हंगामाप्रमाणे स्थलांतर करते, एका जागी वर्षभर राहत नाही. त्यामुळे 'घरटे स्थिर आहे' हे गृहीतक तिला लागू पडत नाही. आपली शेते लहान आहेत, बांध पुष्कळ आहेत, म्हणजे आपली परिस्थिती कॅलिफोर्नियापेक्षा न्यू जर्सीला जवळची आहे. परंतु याच कारणामुळे आठवी-नववीच्या मुलांना हा प्रयोग पायी फिरून करता येतो.

गावाचा गट नकाशा मिळवावा आणि त्यावर १०० मीटरच्या चौकटी आखाव्यात. मुलांनी फिरून गायरान, देवराई, ओढ्याकाठची झाडी, पडीक जागा, बांध आणि पिके भरावीत. नकाशाच्या चौकटीत न मावणारे बांध वेगळ्या रंगाच्या रेषेने दाखवावेत. मोकळी न नांगरलेली माती, वाळकी काटकी, जुने लाकूड, मातीच्या भिंती आहेत का, हे पाहून घराचे गुण द्यावेत. कोणत्या महिन्यात कोणती फुले असतात हे गावातल्या जुन्या माणसांना विचारून फुलांचे गुण द्यावेत. मग वरच्या उदाहरणाप्रमाणे चार-पाच शेतांचा अंदाज काढून तो वहीत लिहून ठेवावा. हा अंदाज मोजणीच्या आधी लिहिणे महत्त्वाचे आहे.

त्यानंतर काकडी, कलिंगड किंवा तांबडा भोपळा फुलावर असताना सकाळी त्या शेतांत जावे. ही फुले सकाळी उमलतात. दोडका-दुध्याची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून ती या प्रयोगासाठी नकोत. प्रत्येक शेतात तितकीच फुले निवडून दहा मिनिटे शांत उभे राहावे आणि येणाऱ्या माश्या मोजाव्यात. नावे येत नसतील तर 'मोठी काळी', 'लहान काळी', 'पट्टेवाली' अशा गटांत नोंद करावी. माश्या पकडू नयेत आणि आग्या मोहोळाच्या आसपास मुलांना नेऊ नये. एका सकाळच्या मोजणीवर विसंबू नये, निदान तीन-चार वेगवेगळ्या दिवशी मोजावे.

शेवटी अंदाज आणि मोजणी शेजारी शेजारी लिहावीत. जिथे दोन्ही जुळतील तिथे मुलांना आनंद होईलच. पण जिथे जुळणार नाहीत त्या शेतात त्यांना पुन्हा घेऊन जावे आणि नकाशात काय राहिले ते शोधायला सांगावे. एखादी मातीची पडकी भिंत, विहिरीकाठचे तण, कुंपणातला वाळका बांबू किंवा नुकतीच झालेली औषधफवारणी, असे काही ना काही सापडेल. ते नकाशावर भरून अंदाज नव्याने काढावा.